लाखोलीचे तांदूळ : आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र आणि आपला काळ

श्रीकृपेने आपल्या देवस्थानाच्या पत्रिकेत थोर पुरुषांची चरित्रे देण्याचा परिपाठ आहे. त्यास अनुसरून या अंकी आम्ही आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र सादर करीत आहोत. विनोबांवर विद्वानांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. शालेय शिक्षणापलीकडे ज्यांची मजल गेली नाही, अशा आमच्यासारख्या पुजाऱ्याच्या मुलाने त्यात नवी भर घालावी अशी योग्यता आमच्या अंगी नाही. परंतु आपल्या मंदिराच्या कार्यकारी मंडळापुढे सध्या एक लहानसा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करीत असता विनोबांच्या बालपणीची एक हकीगत आम्हांस वारंवार आठवली. त्या निमित्ताने हे समग्र चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. प्रश्न कोणता, ते शेवटी येईलच.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात, पेणजवळील गागोदे या गावी झाला. त्यांचे पाळण्यातील नाव विनायक. वडील नरहरराव हे बडोद्यास नोकरीत होते. ते शास्त्रीय दृष्टीचे, काटेकोर हिशेबाचे आणि रंगांच्या प्रयोगांत रमणारे गृहस्थ होते. मातोश्री रुक्मिणीबाई यांचे माहेर कर्नाटकाकडचे. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांची भक्ती मोठी होती. ज्याच्या घरात एकीकडे प्रयोगशाळा आणि दुसरीकडे देवघर, अशा मुलाच्या मनाची घडण कशी झाली असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. विनायकास गणिताची अत्यंत आवड होती आणि ती जन्मभर टिकली. ईश्वराच्या खालोखाल त्यांचे प्रेम गणितावरच होते, असे त्यांना ओळखणारे सांगत असत.

आता ती हकीगत. एकदा मातोश्रींनी देवास एक लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरला. आपल्याकडे आजही चातुर्मासात अनेक मायबहिणी अशी लाखोली वाहतात. रुक्मिणीबाई रोज एकेक दाणा मोजून वाहू लागल्या. नरहररावांनी ते पाहिले आणि हिशेबी मनुष्यास जे सुचावे ते सुचविले. एक तोळा तांदूळ घ्यावे, त्यातील दाणे मोजावेत, आणि त्या मानाने लाखाचे वजन काढून तेवढे एकदम वाहावे. कमी पडण्याची शंका वाटल्यास अर्धा तोळा अधिक घालावे. माउलीस उत्तर सुचेना. सायंकाळी तिने आपल्या विन्याला विचारले. गणितवेड्या विन्याने वडिलांचा हिशेब चुकला असे म्हटले नाही. त्याने आईस समजाविले की, हा विषयच हिशेबाचा नव्हे. एकेक दाण्याबरोबर एकेक वेळ देवाचे स्मरण घडावे यासाठी लाखोली असते. तांदूळ तोलून वाहिले तर तांदूळ पोहोचतील, स्मरण मात्र राहून जाईल. आईचे समाधान झाले आणि मोजणी पुढे चालू राहिली.

पुढे विनायकराव महाविद्यालयात गेले, परंतु त्या शिक्षणात त्यांचे मन रमेना. ज्या विद्येने मनुष्य सरकारी कचेरीतील कारकून होतो, पण स्वतःचे अन्न पिकवू शकत नाही, ती विद्या त्यांना पोकळ वाटू लागली. आपली प्रमाणपत्रे त्यांनी अग्नीत टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता ते वाटेत सुरतेस उतरले आणि तेथून काशीस गेले. मनात दोन ओढी होत्या, एक हिमालयाची आणि दुसरी बंगालमधील क्रांतिकारकांची. त्याच वर्षी फेब्रुवारीत काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे भाषण झाले होते. राजेमहाराजांच्या अंगावरील दागिन्यांपासून विश्वनाथाच्या गल्लीतील घाणीपर्यंत सर्व गोष्टींचा त्यात निर्भय उल्लेख होता. वृत्तपत्रातील तो वृत्तान्त वाचून विनोबांनी गांधीजींशी पत्रव्यवहार केला. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात उभयतांची पहिली भेट झाली. गांधीजी त्या वेळी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी नव्या पाहुण्याच्या हातीही चाकू दिला. एवढ्या मोठ्या पुढाऱ्यास भाजी चिरताना विनोबा प्रथमच पाहत होते. त्यांना जो पहिला पाठ मिळाला तो असा हाताच्या कामाचा होता.

येथे गांधीजींच्या एका ग्रंथाचा उल्लेख करणे अवश्य आहे. १९०९ च्या नोव्हेंबरात विलायतेहून आफ्रिकेस परतताना आगबोटीवर अवघ्या दहा दिवसांत त्यांनी 'हिंद स्वराज्य' हे लहानसे पुस्तक गुजरातीत लिहिले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. १९१० साली मुंबई सरकारने ते पुस्तक जप्त केले. त्यात बाँबचा पुरस्कार नव्हता, उलट हिंसेचा निषेधच होता. तरीही सरकारने ते जप्त करावे, याचे कारण त्याच्या विचारात आहे. गांधीजींच्या मते देशाचे खरे दुखणे इंग्रज माणूस हे नसून, देहसुखाच्या वाढीलाच उन्नती मानणारी नवी यंत्रसंस्कृती हे होते. रेल्वे, वकील, डॉक्टर आणि गिरण्या यांनी आपण स्वावलंबन गमावून बसलो. इंग्रज गेले आणि त्यांची राहणी मात्र आपण ठेवून घेतली, तर त्यास स्वराज्य म्हणता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. त्या काळी पुष्कळांना हे पुस्तक वेडगळ वाटले. अनेक देशभक्तांनाही ते पटले नाही. विनोबांनी मात्र त्यावर वाद घालीत न बसता ते आयुष्यात उतरवून पाहण्याचे ठरविले.

आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईस प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी संस्कृत व वेदान्त शिकले आणि मुदत संपताच ठरल्याप्रमाणे परतले. १९१८ च्या ऑक्टोबरात मातोश्रींचे निधन झाले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यास आले आणि तेथे आश्रम सुरू झाला. सूत काढणे, विणणे, दळणे, झाडणे, मैला साफ करणे ही सर्व कामे त्यांनी स्वतः केली. सूतकताईच्या मजुरीवर मनुष्याचे पोट भरते की नाही, हे पाहण्यासाठी ते दिवसाचे आठ आठ तास चरख्यावर बसले आणि त्या मिळकतीत राहून पाहिले. ती मजुरी अपुरी आहे हे त्यांच्या शरीरानेच सिद्ध केले. चरख्याची थोरवी सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. पण चरखा चालविणारीला काय मिळते, याचा हिशेब स्वतः उपाशी राहून करणारे विरळा.

आईची एक इच्छा राहून गेली होती. गीता तिला समजावी अशा सोप्या मराठीत हवी होती, आणि हे काम तिने मुलाकडूनच अपेक्षिले होते. ते ऋण विनोबांनी १९३०-३१ मध्ये 'गीताई' रचून फेडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैदी बांधवांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आज आपणांस लाभली आहेत. आपल्या बीदर-कलबुर्गी भागात कन्नडभाषी शेजाऱ्यांच्या घरीही त्यांचा अनुवाद आढळतो. विनोबांनी कन्नडही शिकून घेतले होते. कन्नड लिपीस लिपींची राणी म्हणून त्यांनीच गौरविले, ही आठवण आपल्याकडे दोन्ही भाषांचे लोक अभिमानाने सांगतात.

१९३८ साली प्रकृती ढासळल्यामुळे ते वर्ध्यानजीक धाम नदीच्या काठी पवनारला राहावयास गेले. शेतात खणीत असता तेथे राम-भरत भेटीचे एक प्राचीन शिल्प सापडले. विनोबांनी त्याची स्थापना करून पूजा सुरू केली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली, तेव्हा कोठे देशास त्यांचे नाव ठाऊक झाले. स्वराज्य आल्यानंतर आणि गांधीजी गेल्यानंतर त्यांनी पवनारला 'कांचनमुक्ती'चा प्रयोग आरंभिला. पैशाचे दान घ्यावयाचे नाही, बाजारातून आणावयाचे नाही, आपल्या श्रमाने पिकेल तेवढ्यावर राहावयाचे. बैलसुद्धा न जुंपता कुदळ-फावड्याने शेती करावयाची, हिला त्यांनी ऋषिशेती म्हटले. विहीर स्वतः खणली. रहाटाचे दांडे माणसांनी ढकलून पाणी काढावे आणि ढकलताना गीताईचे श्लोक म्हणावे, असा तेथील क्रम होता. लाखोलीचे तांदूळ मोजणारी माउली या रहाटापाशी असती, तर तिला ही रीत अनोळखी वाटली नसती.

हा प्रयोग रंगात आला असतानाच हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरले. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा तेथे पायी निघाले. त्या काळी बीदर आणि गुलबर्गा हे आपले जिल्हे त्याच हैदराबाद राज्यात होते. निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली होती, पण तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालूच होता. संमेलन आटोपून विनोबा त्या धगधगत्या मुलखात शिरले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली गावी ४० हरिजन कुटुंबांनी त्यांच्यापाशी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी ती मागणी गावापुढेच ठेवली, तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी उठून १०० एकर दिली. भूदानाचा जन्म असा झाला. बीदरहून ते गाव दोनशे किलोमीटरच्या आतच आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज हैदराबादेस नोकरीस आहेत, परंतु पोचमपल्ली पाहून आलेले आम्हांस क्वचितच भेटले.

यानंतर तेरा वर्षे ते भारतभर पायी हिंडले आणि १९६४ साली पवनारला परतले. सुमारे चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. एकेकाच्या दानावरून पुढे समस्त गावाच्या दानाची, म्हणजे ग्रामदानाची कल्पना निघाली. सप्टेंबर १९५७ मध्ये म्हैसूरजवळ येलवाल येथे सर्व पक्षांचे पुढारी एकत्र जमून त्यांनी तिला पाठिंबा दिला. पंडित नेहरूही त्यास उपस्थित होते.

देवस्थानाच्या पत्रिकेत त्यांच्या मंदिरविषयक वर्तनाचा उल्लेख न करणे योग्य होणार नाही. १९५३ साली बिहारात वैद्यनाथधाम येथे हरिजनांसह दर्शनास जात असता त्यांना मारहाण झाली. मारणाऱ्यांस शिक्षा व्हावी असे त्यांनी इच्छिले नाही. १९५५ साली जगन्नाथपुरीस सोबतच्या एका फ्रेंच बाईस प्रवेश नाकारला गेला, तेव्हा ते स्वतःही दारातूनच परतले. १९५८ साली मात्र पंढरपूरच्या मंदिराच्या चालकांनी होऊन त्यांस बोलाविले, आणि अन्य धर्मांच्या सोबत्यांसह त्यांना विठुरायाचे दर्शन घडले. त्या वेळी त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो आहोत. वैद्यनाथधामाची हकीगत वाचताना आमची मान खाली जाते, आणि पंढरपूरची वाचताना ती पुन्हा वर होते.

चरित्र लिहिणाऱ्याने गुण तेवढे सांगून दोष झाकू नयेत. भूदानात मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळ खडकाळ होती, पुष्कळ वादग्रस्त होती, आणि तिचा मोठा भाग भूमिहीनांच्या हाती कधी पोहोचलाच नाही. ग्रामदानाच्या अनेक घोषणा कागदावरच राहिल्या. १९७५ साली आणीबाणी आली, तेव्हा विनोबा मौनव्रतात होते. त्या काळाविषयी त्यांनी लिहून दिलेल्या शब्दांचा सरकारने आपल्या समर्थनार्थ उपयोग केला, आणि एवढ्या थोर पुरुषाने अन्यायाविरुद्ध स्पष्ट बोलावयास हवे होते, असे अनेकांना वाटले. आम्हांसही तसेच वाटते. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडले, आणि १५ तारखेस, ऐन दिवाळीत, पवनारला देह ठेवला. पुढील वर्षी त्यांस मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

आता आपल्या काळाकडे वळू. वाचक म्हणतील की, रहाट ढकलणारा हा ऋषी मोबाइलच्या युगात आपणांस काय शिकविणार? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विनोबा यंत्राचे सरसकट शत्रू नव्हते. गांधीजींच्या 'हिंद स्वराज्य'पासून निघून ते थोड्या वेगळ्या ठिकाणी पोहोचले. विज्ञान वाढावयासच हवे, पण त्याची जोड अध्यात्माशी पडावी, हिंसेशी पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रांची त्यांनी गणित्याप्रमाणे वर्गवारी केली. काही यंत्रे वेळ वाचविणारी, जशी आगगाडी. काही संहार करणारी, जशी तोफा आणि बाँब. काही उत्पादन करणारी. या तिसऱ्या वर्गाचेही दोन भाग आहेत. जे यंत्र माणसाच्या हातास साहाय्य करते ते पूरक, आणि जे हाताचे काम काढून घेऊन त्यास रिकामे बसविते ते मारक. शिवाय एकच यंत्र एका ठिकाणी पूरक आणि दुसऱ्या ठिकाणी मारक ठरू शकते. तेव्हा निर्णय देश, काळ आणि माणसे पाहून करावयाचा.

ही कसोटी आपल्या गावांस लावून पाहावी. बीदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील करेझ आहे. जमिनीखालून उतार देऊन नेलेल्या या बोगद्यातून पाणी आपोआप वाहत जाई. त्यास इंजिन नव्हते, वीज नव्हती, पण मोठे गणित होते. आज आपण शेकडो फूट बोअर घेतो. एकाने दोनशे घेतले की शेजारी चारशे घेतो, आणि पहिल्याची कोरडी पडते. बोअरचे यंत्र वाईट असे आम्ही म्हणत नाही. उन्हाळ्यात त्याच पाण्यावर आमच्याही घरची चूल पेटते. परंतु करेझचे पाणी गावाने मिळून राखावे लागे, आणि बोअरचे पाणी ज्याच्याजवळ पैसा त्याचे झाले. सोयाबीनच्या काढणीस हार्वेस्टर येते, तेव्हा पावसाच्या भीतीने ग्रासलेल्या शेतकऱ्यास ते देवासारखे वाटते, हे खरे आहे. त्याच आठवड्यात मजुरी करणाऱ्या बायका पुण्याच्या गाडीची चौकशी करू लागतात, हेही तितकेच खरे आहे. विनोबा असते तर त्यांनी यंत्रास शिव्या दिल्या नसत्या. रिकाम्या झालेल्या हातांचे पुढे काय, एवढेच त्यांनी गावास विचारले असते.

यावर कोणी म्हणेल की हे सर्व स्वप्न आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) या लहानशा गावाने २०१३ साली, विनोबांस जाऊन तीस वर्षे लोटल्यावर, १९६४ च्या ग्रामदान कायद्यानुसार आपली जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन केली. तेथील लोकांनी प्रश्न स्वतः अभ्यासला आणि सर्वांच्या सहमतीने निर्णय घेतला. म्हणजे बीज अजून मेलेले नाही.

शेवटी आपल्या मंदिराचा प्रश्न. सायंकाळच्या आरतीस नगारा, घंटा आणि झांजा एकदम वाजविणारे विजेचे यंत्र घ्यावे, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे. आमचे तीर्थरूप आता वयस्कर झाले आहेत. एका हातात आरती आणि दुसऱ्या हातात घंटा धरून ते उभे असतात, आणि नगारा मुका राहतो. त्यांचा खांदा दुखतो हे आम्ही रोज रात्री पाहतो. तेव्हा हे यंत्र पूरकच आहे असे प्रथम आम्हांसही वाटले, आणि आम्ही त्यास अनुकूल होतो.

पण लाखोलीची गोष्ट आठवली आणि मन अडखळले. नगारा हा आवाजासाठीच असेल तर यंत्राचा आवाज मोठा आणि तालात आहे. पूर्वी मात्र आरतीच्या वेळी नगाऱ्याची टिपरी हाती मिळावी म्हणून आम्ही मुले धावत येत असू आणि भांडत असू. त्या निमित्ताने आरत्या पाठ झाल्या, आणि कोणत्या घरची मुले कोणती हे वडिलांस ठाऊक झाले. यंत्र लागल्यावर नगारा वाजेल, परंतु टिपरीसाठी धावत येणारे मूल येणार नाही. आज ते येत नाही हे खरे. पण यंत्र बसल्यावर ते येण्याचे कारणच उरणार नाही.

यास्तव आमची नम्र सूचना अशी की, येत्या चातुर्मासात सभासद कुटुंबांनी पाळी लावून घ्यावी. रोज एका घरातील दोघांनी, शक्यतो त्यांत एक मूल असावे, सायंकाळी पाव तास द्यावा. कोणाचे घर, कोणती जात, बोली मराठी की कन्नड, हे पाळीत पाहू नये. चार महिन्यांनी मंडळाने हिशेब करावा. पाळी टिकली तर यंत्राचे पैसे मंदिरामागील विहिरीचा गाळ काढण्यास लावावेत. पाळी टिकली नाही, तर यंत्र अवश्य आणावे. त्या वेळी आम्ही हरकत घेणार नाही, कारण वडिलांचा दुखरा खांदा तत्त्वापेक्षा लहान नाही, आणि विनोबांनीही तसे मानले नसते.

पाळीची वही सोमवारपासून गाभाऱ्याबाहेरील चौरंगावर ठेवली जाईल. सभासदांनी आपापली नावे त्यात लिहावीत. श्रीच्या कृपेने ती वही भरून जावो, हीच प्रार्थना.

॥ इति शम् ॥